रुग्णसेवेचे पाचारण व त्याचा हिशेब



बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या रेणापूर तालुक्यातील खेड्यांतून पाळकाच्या दारी दरवर्षी एक विनंती येते. मुलीचा बाप ओसरीवर येऊन बसतो, पाणी पितो, पावसाची गोष्ट काढतो, आणि मग म्हणतो, "साहेब, पोरीला नर्स करावं म्हणतो. तुमची चिठ्ठी पाहिजे." चिठ्ठी म्हणजे शिफारसपत्र. मुलगी सुशील आहे, उपासनेस नियमित येते, रुग्णसेवेची तिला आवड आहे, इतके लिहून खाली सही केली की पाळकाचे काम संपले, असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटत असे. ते तेथे संपत नाही, हे आम्हांस एका मुलीच्या दुःखावरून कळले. तीच हकिकत आज सांगावयाची आहे.

प्रथम प्रश्न काय तो सांगतो. काही महिन्यांपूर्वी उपदेशकांच्या मासिक सभेत नर्सिंगच्या शिक्षणाचा विषय निघाला. कोणती संस्था, किती वर्षे, किती खर्च, पुढे पगार काय, अशी बोलणी चालली असता एक वृद्ध उपदेशक खिन्न होऊन म्हणाले, "पाळकसाहेब, आजाऱ्याची सेवा हे पाचारण आहे. पाचारणाला हिशेब कशाला? देवाने बोलावले असेल तर तोच मार्ग काढील. आपण पगाराची गोष्ट काढली की सेवेची मजुरी झाली." पुष्कळांनी माना डोलावल्या. त्यांचे बोलणे हलके नव्हे. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे सायकलीवरून खेडी पालथी घातली व कधी वेतन वाढवून मागितले नाही, तो हे बोलत होता. तथापि आम्हांस ते मान्य करवत नाही, आणि का करवत नाही, हे त्यांच्या वयाचा मान राखून येथे लिहितो.

सात-आठ वर्षांमागे आमच्या एका मंडळीतील ऊसतोड कामगाराची मुलगी कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. तिची आजी अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिचे सर्व काही ह्या मुलीनेच केले होते, आणि तेव्हापासून मी नर्स होणार असे ती म्हणत असे. जवळच्या एका शहरात दोन खोल्यांची एक संस्था निघाली होती. दोन वर्षांत नर्स, नोकरीची हमी, असे तिचे फलक जागोजागी लागले होते. बाप आमच्याकडे आला. त्याने विचारले, "साहेब, संस्था बरी आहे ना?" आमचे शिक्षण त्याच्यापेक्षा अधिक झाले होते व शहरात आमचे जाणेयेणे होते, म्हणून त्याने आम्हांस विचारले. आम्ही काय उत्तर दिले? "देवावर भाव ठेवा, सगळे नीट होईल." मग प्रार्थना केली, चिठ्ठी लिहिली, आणि पुढील रविवारी तिला मंडळीसमोर उभे करून आशीर्वाद दिला. त्या संस्थेचे कागद पाहण्यास एक दुपार लागली असती. ती दुपार आम्ही दिली नाही.

फी कोठून आली? बापाने मुकादमाकडून पुढील हंगामाची उचल वाढवून घेतली. उचल म्हणजे काय, हे ह्या भागातील वाचकांस सांगावयास नको. नवराबायको मिळून एक कोयता, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत परमुलखाच्या फडात पहाटेच्या थंडीत मोळ्या वाहून ते पैसे फेडावयाचे. ह्या जोडप्याने मुलीसाठी असे दोन हंगाम फेडले.

दोन वर्षांनी सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र हाती आले. ते घेऊन ती नोंदणीच्या खटपटीस लागली, तेव्हा तिला कळले की, त्या संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यताच नव्हती, आणि म्हणून तिचे नावही परिषदेच्या नोंदवहीत चढू शकत नाही. फलक लावणारे तोवर दुसरीकडे गेले होते. एका लहान खाजगी रुग्णालयाने तिला ठेवून घेतले. पांढरा कोट दिला, लोक तिला सिस्टर म्हणू लागले; पगार मात्र शेतमजुरीइतकाही नव्हता. तेथे एका रात्री तिने एका लहान मुलास शिरेतून औषध दिले. थोड्याच वेळात मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. ती त्याच्या उशाशी उभी राहून त्याचा हात चोळीत प्रार्थना करू लागली. शेजारच्या खोलीतून एक अनुभवी सिस्टर धावत आल्या. त्यांनी औषध बंद केले, डॉक्टरांस उठविले, इंजेक्शन दिले गेले, आणि मूल वाचले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्याकडे आली. तिने संस्थेस दोष दिला नाही, आम्हांसही दिला नाही. ती म्हणाली, "पाळकसाहेब, मला त्या लेकराची माया होती. पण माया करून मी नुसती उभी राहिले. मी नर्स आहे असं लोकांना सांगते, ते खोटं आहे ना?"

आम्हांस "होय" म्हणावे लागले. आमचाही निवाडा त्या एका शब्दात झाला.

वृद्ध उपदेशकांस आमचे उत्तर ह्या प्रसंगात आहे. त्या रात्री तिने प्रार्थना केली हे चुकले नाही. परंतु त्या मुलास तिच्याकडून जे येणे होते ते ज्ञान होते, आणि ते तिच्यापाशी नव्हते. आजारी मनुष्यास आपल्या अंतःकरणातील कळकळ दिसत नाही. ह्या बाईला ठाऊक आहे, एवढ्या विश्वासावर तो हात पुढे करतो. तो विश्वास घेऊन त्याच्या बदली काहीच न देणे ह्यास कोणते नाव द्यावे? तेव्हा तयारी हा सेवेचाच पहिला भाग होय, असे आम्ही समजतो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत प्रभूने सांगितला तो शिष्यत्वाविषयी, बाजाराविषयी नव्हे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे चित्र आमच्या मुलींस ठाऊक असते. हाती दिवा, व भोवती जखमी शिपाई. परंतु त्या चित्रामागील वर्षे कोणी मोजीत नाही. ईश्वराने आपणांस सेवेस बोलाविले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे ते १८३७ सालचे. तेव्हा त्यांचे वय १६ वर्षांचे होते. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्या ३८ परिचारिकांसह पोहोचल्या ते १८५४ साली. मध्ये १७ वर्षे गेली. घरच्यांचा विरोध सोसून, पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचण्यात, आणि १८५१ साली जर्मनीत कैसरवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांनी १८३६ साली स्थापिलेल्या संस्थेत काही महिने शिकण्यात त्यांनी तो काळ घालविला. आणि इतके होऊनही स्कुटारीच्या पहिल्या हिवाळ्यात शिपाई हजारोंनी मेले. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ झाले होते. मार्चमध्ये सरकारी आरोग्य मंडळाने येऊन इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, खोल्यांत हवा खेळविली. आणि जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ वर आले. दिवा तोच, हात तेच, प्रेमही तेच होते. युद्धानंतर आकड्यांचा अभ्यास करून बाईंस हे पुरते उमगले, आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली.

येथे कोणी म्हणेल, सावित्रीबाई फुले यांनी कोणते प्रमाणपत्र घेतले होते? १८९७ साली पुण्यास प्लेग आला असता मुंढव्याहून आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. हे स्मरण आम्हांसही पूज्य आहे. परंतु त्यांनी मुलास नेले कोठे? हडपसरजवळच्या माळावर त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांचा दवाखाना होता, तेथे. ज्यास विद्या होती त्याच्याकडे त्यांनी त्या मुलास पोहोचविले. असा भार कोणीही वाहावा; त्यास परवाना लागत नाही. सुई हाती घेणाऱ्यास मात्र लागतो.

मग आमची माणसे चौकशी का करीत नाहीत? आमच्या मते ह्याचे एक कारण आमच्याच इतिहासात आहे. आमच्या आजोबांच्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि मुलीस नर्सिंगला पाठवावयाचे तर मिशनचे रुग्णालय हाच मार्ग असे. २०१६ च्या दुष्काळात ज्या मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, त्याच मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, व पुढे तेथे परिचारिकाही तयार होऊ लागल्या. अशा ठिकाणी मिशनच्या साहेबाची चिठ्ठी घेऊन जाणारी मुलगी खरे शिक्षण घेऊनच परत येई. चिठ्ठीवरचा विश्वास त्या काळी खरा होता. आज चिठ्ठी राहिली आहे. तिच्यामागची चौकशी करणारे साहेब गेले. ते काम आता पाळकाचे व उपदेशकाचे आहे, आणि ते केले नाही तर आमची सही फसविणाऱ्याच्या फलकासारखीच होते.

आता हिशेबाकडे वळतो. लातूर हे डॉक्टर घडविणाऱ्या शिकवण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा एक वाईट परिणाम असा झाला आहे की, डॉक्टर होता आले नाही तर नर्स व्हावे, असे लोक बोलू लागले आहेत. उरलेसुरले म्हणून घेतलेले काम मनापासून होत नाही. नर्सिंगचा विचार करावयाचा तर तो दहावीनंतरच करावा, कारण शाखा तेव्हा ठरते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागते, त्यात भौतिक, रसायन व जीवशास्त्र; प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो, व पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला कला शाखेची मुलगीही चालते, मात्र इंग्रजी विषय व शेकडा ४० गुण हवेत. दोन वर्षांच्या ए.एन.एम.लाही कोणतीही शाखा चालते. त्यातून उपकेंद्रावरची आरोग्य सेविका होता येते. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. गरीब घराने ए.एन.एम.पासून आरंभ केला तर त्यात कमीपणा नाही. नोंदणी झाल्यावर पुढे जी.एन.एम. करता येते, आणि जी.एन.एम.नंतर दोन वर्षांत पदवी घेता येते. मार्ग लांबतो, पण मध्येच कमाई होते. ज्या घरात उचल हेच भांडवल आहे तेथे ह्याचा विचार केलाच पाहिजे.

संस्थेविषयी विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? परीक्षा कोण घेतो, संस्था स्वतःच की शासनाने नेमलेले मंडळ अथवा विद्यापीठ? जी.एन.एम. किंवा पदवी असेल तर शिकावयास रुग्णालय कोणते, व तेथे खाटा किती? भारतीय परिचर्या परिषदेने अशा संस्थेस स्वतःच्या १०० खाटांच्या रुग्णालयाची अट घातली आहे, आणि ती उगीच नव्हे. ज्या मुलीने रुग्णच पाहिले नाहीत ती काय शिकली? २०२३ साली संसदेने नवा कायदा करून जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. तेव्हा कचेरीवरील पाटी बदलेल, परंतु यादीत नाव आहे काय, हा प्रश्न बदलणार नाही. जो संचालक हा प्रश्न ऐकून रागावतो त्याच्या दारातून तसेच परतावे.

एका नाजूक गोष्टीविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रवेशाच्या अर्जात धर्म व जात लिहावी लागते. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाहीत. पुढे शिखांस १९५६ साली व बौद्धांस १९९० साली त्या मिळाल्या, आम्हांस नाहीत. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाही, व तो दूर व्हावा म्हणून मागणी करणे योग्यच आहे. परंतु रविवारी एक नाव व अर्जावर दुसरे, असे आमच्या काही घरांतून चालते, आणि आईबापांची तळमळ आम्ही जाणतो म्हणून त्यांस कठोर बोलवत नाही. इतकेच म्हणतो की, परिचारिकेचे अर्धे काम लिहिण्याचे आहे. किती वाजता कोणते औषध दिले, ताप किती, आणि एखादी मात्रा चुकली तर तीही, हे सर्व तिने खरे लिहावे लागते. त्या नोंदीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. तिच्या जीवनातील पहिला कागद खोटा असावा काय? ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून मान्य आहे. त्या नावाने कोणती शिष्यवृत्ती त्या वर्षी चालू आहे, ह्याची चौकशी खरे नाव लिहून करता येते. त्यात पैसे कमी मिळतील, हे आम्ही लपवीत नाही.

पगाराची गोष्ट काढली की सेवेची मजुरी होते, असे उपदेशकबाबा म्हणाले. आम्हांस त्यांच्या व आमच्या आज्यांची आठवण होते. मराठवाड्यातील गावोगाव सुईणीचे काम कोणाच्या घरी होते? महारवाड्यात व मांगवाड्यात. मध्यरात्री हाक आली की तिने जावयाचे, बाळंतिणीचे सर्व करावयाचे, घाण उचलावयाची, आणि पहाटे मागील दाराने निघावयाचे. मोबदला म्हणजे शेरभर जोंधळे, एखादे जुने लुगडे. ज्या हातांनी मूल जगात आणले त्या हातांचे पाणी त्या घरात चालत नसे. ती सेवा नव्हती काय? होती. परंतु ती नाकारण्याचा हक्क तिला नव्हता, शिकण्याची सोय नव्हती, आणि मोल ठरविणारा दुसराच होता. रुग्णाची विष्ठामूत्र काढणे हे आमच्या देशात विटाळाचे मानले गेल्यामुळे एकेकाळी परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. आम्ही त्याचा अभिमान बाळगतो. त्या अभिमानात थोडी लाजही मिसळलेली असावी, कारण इतरांनी टाकलेले काम म्हणूनही ते आमच्याकडे आले. नातीने तेच काम शिकून, नोंदवहीत नाव घालून, ठरलेल्या पगारावर करावे, ह्यात सेवेची मजुरी होत नाही. मजुरीची सेवा होते.

म्हणून पहिल्या नोकरीच्या वेळी मुलींनी गप्प बसू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्णयानंतर केंद्र सरकारच्या समितीने खाजगी रुग्णालयांविषयी शिफारस केली, ती अशी की, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा, आणि २०० हून अधिक खाटा असल्यास तो सरकारी पगाराच्या बरोबरीचा असावा. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, आणि आमच्या भागात ती कितपत पाळली जाते हे नर्सेसनाच विचारावे. तथापि आकडा ठाऊक असावा. मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात ठेवू नयेत. दाखवावी, नक्कल द्यावी, आणि घरी आणावी. आणखी एक गोष्ट पुष्कळ मुलींस उशिरा कळते. एम्सच्या नर्सिंग अधिकारी परीक्षेस जी.एन.एम. झालेलीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो निदान ५० खाटांच्या रुग्णालयातील असावा लागतो. गावाजवळच्या दहा खाटांच्या दवाखान्यात काढलेली वर्षे तेथे मोजली जात नाहीत. पहिली दोन वर्षे घरापासून दूर, मोठ्या रुग्णालयात, रात्रपाळ्या करून काढावी, हे आमचे मत आहे. रात्रपाळी करणारी सून नको म्हणणाऱ्या सोयऱ्यांविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही. त्यांस रात्री कोणी सलाईन लावली, हे त्यांनीच आठवावे.

आमच्या त्या मुलीचे काय झाले, हे वाचक विचारतील. तिने तो कोट परत केला. वर्षभर शेतात काम केले, आणि मग मान्यताप्राप्त संस्थेत जी.एन.एम.ला पुन्हा पहिल्यापासून बसली. वर्गात तिच्याहून सर्व लहान. या वेळी फीची भर मंडळीने घातली. आमच्या वेतनातूनही काही गेले, आणि तो उपकार नव्हता, देणे होते. आज तिचे नाव परिषदेच्या नोंदवहीत आहे, आणि ती दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आहे. आईबाप दोन हंगाम झाले फडावर गेले नाहीत. गावातील काहीजण म्हणतात, शिकून निघून गेली, गावाला काय उपयोग? आम्ही त्यांस विचारतो की, गावाने तिला काय दिले होते? सपाट मुलखात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा शासनाचा नियम आहे. तेथे आरोग्य सेविका असते, आणि जी.एन.एम. झालेलीही सहा महिन्यांचे आणखी शिक्षण घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून येऊ शकते. ती तशी येईलही. पण ते तिने ठरवावयाचे आहे. आजीला हाक नाकारता येत नव्हती, ती स्थिती नातीवर आपण पुन्हा लादू नये.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका खेड्यातून एक बाप आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, पावसाची गोष्ट काढली, व चिठ्ठी मागितली. आम्ही म्हटले, "चिठ्ठी उद्या. आज संस्थेचं नाव सांगा." त्याच्या मुलीच्या मोबाईलवर परिषदेची यादी उघडली, आणि तिघे मिळून वरून खालपर्यंत दोनदा पाहिली. नाव नव्हते. मुलीचे डोळे भरून आले, कारण प्रवेशाचे पाच हजार रुपये अगोदरच दिलेले होते. मग आम्ही त्या पहिल्या मुलीस फोन लावला. रात्रपाळी करून ती नुकतीच झोपली होती. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "पाळकसाहेब, आधी पैसे परत मागायला बापाबरोबर तुम्ही स्वतः जा. आणि दुसरी संस्था बघाल तेव्हा फी नंतर विचारा, खाटा किती ते आधी विचारा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे लातूरला निघालो.